कागदावर कर, पुस्तकाला माफी

सेनेगलचा तरुण कादंबरीकार मोहम्मद म्बुगार सार याला २०२१ साली फ्रान्सचा गोंकूर पुरस्कार मिळाला. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतल्या लेखकाला तो पहिल्यांदाच मिळत होता. मला त्याहून मोठी वाटली ती प्रकाशकांची जोडी : पॅरिसचे फिलिप रे आणि सेनेगलची राजधानी डाकार इथलं ‘जिमसान’. कारण फ्रेंच भाषक आफ्रिकेतले नामवंत लेखक बहुतेक पॅरिसमध्येच छापले जातात.

‘तिकडे वाचतोच कोण?’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. ते साफ चुकीचं आहे. खरं कारण गणितात आहे.

पुस्तकाचा खर्च दोन भागांत पडतो. संपादन, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ हा स्थिर खर्च; कागद, छपाई, बांधणी हा दर प्रतीचा. स्थिर खर्च समजा तीन लाख फ्रँक आहे. पाचशे प्रती काढल्या तर प्रत्येकीवर सहाशेचा बोजा, तीन हजार काढल्या तर फक्त शंभरचा. म्हणजे आवृत्ती लहान तर किंमत जास्त, किंमत जास्त म्हणून खप कमी, आणि खप कमी म्हणून पुढची आवृत्ती आणखी लहान.

त्यात कराचा तिढा. युनेस्कोच्या १९५०च्या फ्लॉरेन्स कराराने पुस्तकांवरचं आयात शुल्क उठवलं. हेतू चांगलाच होता. पण सवलत तयार पुस्तकाला होती, ते छापण्याच्या कागदाला नव्हती. त्यामुळे पॅरिसचं पुस्तक बंदरात बिनशुल्क उतरे आणि स्थानिक प्रकाशकाच्या कागदावर शुल्क बसू शके. १९७६च्या नैरोबी पूरक कराराने यावर उपाय दिला, पण त्यात सामील होणं ऐच्छिक होतं आणि बरेच देश बाहेरच राहिले.

जानेवारी १९९४मध्ये सीएफए फ्रँकचं, म्हणजे आफ्रिकेतल्या अनेक माजी फ्रेंच वसाहतींच्या सामाईक चलनाचं, फ्रेंच फ्रँकच्या तुलनेतलं मूल्य निम्म्यावर आणलं गेलं. पन्नास फ्रेंच फ्रँकचं पुस्तक अडीच हजार सीएफएला पडत होतं, ते पाच हजारांना पडू लागलं. स्थानिक प्रकाशकाला तरी याचा फायदा व्हावा? कागदही बाहेरूनच येत होता, तोही महागला.

ई-बुक आलं की सगळं सुटेल, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. ई-बुकने कागदाचा खर्च जातो, संपादनाचा जात नाही. आणि आवृत्ती लहान असते तेव्हा जड पडतो तो हाच.

भागाकारातला छेद मोठा करणं, म्हणजे स्थिर खर्च जास्त प्रतींवर वाटणं, हा खरा उपाय. सेनेगल, आयव्हरी कोस्ट आणि टोगो यांनी १९७२मध्ये फ्रेंच प्रकाशकांना सोबत घेऊन ‘नुव्हेल एदिस्यों आफ्रिकेन’ ही सामाईक संस्था काढली. सेनेगलच्या लेखिका मारियामा बा यांची पहिली कादंबरी १९७९मध्ये या संस्थेनेच छापली आणि पुढच्याच वर्षी त्या कादंबरीला आफ्रिकेत प्रकाशित पुस्तकांसाठीचा पहिला नोमा पुरस्कार मिळाला. संस्था पुढे फुटली, पण हिशेब बरोबर होता. आज स्वतंत्र प्रकाशकांची आंतरराष्ट्रीय संघटना सहप्रकाशनातून तोच हिशेब मांडते. निरनिराळ्या देशांतले प्रकाशक एकच पुस्तक मिळून काढतात, स्थिर खर्च वाटून घेतात, आणि किंमत मात्र आपापल्या वाचकाचा खिसा पाहून ठरवू शकतात.