शीतकगळतीचे निदान

शीतकगळतीचे निदान : द्रवशीतित मोटार एंजिनातले शीतक (एंजिन थंड ठेवणारा द्रव) घटत जाते व एंजिन तापते, तेव्हा त्या दोषाचे मूळ शोधण्याची पद्धत. कार्यशाळेच्या बोलीत ‘गाडी पाणी खाते’ म्हणतात. हे पाणी म्हणजे बहुधा पाणी व एथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण. निदानात पहिला प्रश्न क्रमाचा असतो : शीतक गेले म्हणून एंजिन तापले, की एंजिन तापले म्हणून शीतक उकळून बाहेर पडले? शीतकाची टाकी दोन्ही वेळा रिकामीच दिसते.

हा प्रश्न बंदिस्त शीतनाबरोबर आला. कार्ल बेंट्स यांच्या १८८६ च्या तीनचाकीत पाणी वाफ होऊन उडून जाई आणि वाटेत पुन्हा भरावे लागे. म्हणजे पाणी घटणे हा तेव्हा दोष नव्हता, ती रीतच होती. रेडिएटरचे (शीतकातली उष्णता हवेला देणाऱ्या भागाचे) जनकत्व काही लेखक बेंट्स यांना देतात, बहुतेक जण व्हिल्हेल्म माइबाख यांना. माइबाख यांचा दावा मान्य करणाऱ्यांतही वर्षाबद्दल एकमत नाही. १८८९ च्या डाइमलर-माइबाख गाडीत शीतनाचे पाणी सांगाड्याच्या पोकळ नळ्यांतून फिरे, त्यामुळे प्रारंभ तेथून धरता येतो. काही जण १८९७ च्या सुमाराचे नळ्यांचे रेडिएटर पहिले मानतात. मर्सेडिस ३५ अश्वशक्ती गाडीसाठी (१९००-०१) माइबाख यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखे रेडिएटर केले. त्यात ६ × ६ मिमी. छेदाच्या ८,०७० नळ्या होत्या आणि पाणी केवळ ९ लिटर लागे. थोडे पाणी न गमावता पुन्हापुन्हा वापरणे हा निकष लावला, तर हे शेवटचे वर्षच अधिक सयुक्तिक वाटते. ‘रेडिएटर’ हे नाव मात्र फसवे आहे. त्यातली उष्णता मुख्यतः वाहती हवा नेते, प्रारणाचा वाटा थोडा असतो.

ग्लायकॉलच्या तारखेतही असाच घोळ आढळतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-आदॉल्फ व्ह्यूर्त्स यांनी ते प्रथम १८५६ च्या सुमारास तयार केले. काही ठिकाणी दिसणारे १८५९ हे वर्ष एथिलीन ऑक्साइडपासून ते मिळवण्याच्या दुसऱ्या कृतीचे असावे. मोटारींत त्याचा प्रसार १९२० च्या दशकात झाला. त्याआधी पाणी गोठू नये म्हणून घालत ते अल्कोहॉल गरम एंजिनातून उडून जाई.

शीतकाच्या उत्कलनबिंदूवर दाबाचा मोठा परिणाम होतो. महाबळेश्वरला उघड्या भांड्यातले पाणी सुमारे ९५° से.लाच उकळते, याउलट वातावरणापेक्षा १ बार अधिक दाबाखाली साधे पाणीही सुमारे १२०° से.पर्यंत उकळत नाही. हा दाब टाकीच्या किंवा रेडिएटरच्या टोपणातली स्प्रिंग राखते. ती सैल पडली की कोठेही भोक नसताना शीतक उसळून जाते, आणि स्वस्तात बदलता येणारे टोपण सोडून माणसे एंजिन उघडायला निघतात. टोपण गरम एंजिनावर उघडल्यास दाब एकदम उतरतो, शीतक तत्क्षणी उकळून अंगावर येते आणि गंभीर भाजते.

गाडी कोठे तापते यावरून दिशा मिळते. सिग्नलला तापून मोकळ्या रस्त्यावर निवणारी गाडी बहुधा पंख्याकडे बोट दाखवते. खंबाटकीसारख्या चढावर किंवा वेगात तापत असेल, तर चोंदलेले रेडिएटर, पंप किंवा हेड गॅस्केट (एंजिनाचा ब्लॉक व त्यावरचे हेड यांमधला सांधा बंद ठेवणारी चकती) यांचा संशय घ्यावा. वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी भरलेल्या गाडीत क्षारांचा थर आधी पाहावा. एंजिन तापूनही रेडिएटरचा खालचा होस (रबरी नळी) थंड राहिला, तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार शीतकाची वाट उघडणारी झडप) बंद स्थितीत अडकलेला असण्याची शक्यता बरीच. तापमानदर्शकावर फार विसंबू नये : शीतक पुरते गेल्यावर संवेदक हवेत उघडा पडतो आणि काटा खालीही येतो. हीटर अचानक थंड हवा देऊ लागणे ही अशा वेळी अधिक प्रामाणिक खूण आहे.

बाहेरच्या गळतीसाठी थंड एंजिनावर दाबचाचणी घेतात. टोपणाच्या जागी हातपंप बसवून टोपणावर छापलेल्या दाबापर्यंत हवा भरतात आणि दहा-पंधरा मिनिटे काटा पाहतात. वॉटर पंपाच्या पोटाशी एक लहान भोक मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील गेले की थेंब तेथून येतो. गरम एंजिनावर तो लगेच वाळतो व मागे हिरवी, गुलाबी किंवा पांढरी खपली राहते. जमीन कोरडी असूनही पाणी घटण्याचे हे एक नेहमीचे कारण. डॅशबोर्डखालचा हीटरचा गाभा गळत असल्यास पायाखालची चटई ओली होते, काचेवर तेलकट धुके धरते आणि गोडसर वास येतो.

दाब उतरतो पण थेंब दिसत नाही, तेव्हा आतली गळती संभवते. ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. म्हणून बिडाचा ब्लॉक व ॲल्युमिनियमचे हेड असलेल्या एंजिनात एकदाच्या अतितापानेही गॅस्केट जाऊ शकते. सकाळी थंड एंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होस टणक झाला किंवा टाकीत सलग बुडबुडे आले, तर ज्वलनवायू शीतकात शिरत असावा. त्याची रासायनिक चाचणी ब्रोमोथायमॉल ब्ल्यूने होते : टाकीवरची हवा या निळ्या द्रवातून ओढली असता कार्बन डाय-ऑक्साइडमुळे तो पिवळा पडतो. शीतक मात्र द्रवात ओढले जाता कामा नये. द्रव निळाच राहिला म्हणून गॅस्केट निर्दोष ठरत नाही. शीतक नुसते तेलात जात असेल, तर ही चाचणी काहीच सांगत नाही.

तेल भरण्याच्या झाकणाखाली साचलेला दुधट थर अनेक जण निर्णायक मानतात. हे मत सावधपणे घ्यावे. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत तो केवळ साकळलेल्या बाष्पाचाही असतो. डिपस्टिकवरचे (तेलाची पातळी पाहण्याच्या पट्टीवरचे) तेलही दुधट असेल, तर संशय बळावतो. पेट्रोल एंजिनात प्लग काढून पाहिल्यास शीतक जाणाऱ्या सिलिंडरचा प्लग इतरांपेक्षा स्वच्छ, वाफेने धुतल्यासारखा आढळतो. काही डीझेल एंजिनांत शीतक निष्कास-पुनरभिसरणाच्या (धुराचा काही भाग पुन्हा एंजिनात सोडण्याच्या योजनेतल्या) शीतकयंत्रातून जाते व लक्षणे गॅस्केटसारखीच दिसतात.

हेड उतरवल्यावर सरळपट्टी व फीलर गेजने (फटीची जाडी मोजणाऱ्या पातळ पात्यांनी) बाक मोजतात. त्याची मर्यादा उत्पादकागणिक बदलते, बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत असते. बाक त्याहून अधिक असल्यास हेड फेसिंगला (पृष्ठभाग घासून सपाट करायला) देतात, आणि तडा आहे का हे पाहण्यासाठी दाब देऊन पाण्यात बुडवतात.