पांडा स्वतःच्या आळसाने संपत चाललाय?

१९६१ पासून डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव संरक्षण संस्थेच्या बोधचिन्हावर पांडा आहे, आणि जवळपास तेव्हापासूनच 'याला पिल्लंच होत नाहीत, वाचवायचं कशाला?' हा टोमणाही. हा टोमणा आला प्राणिसंग्रहालयांतून. मादी वर्षातून एकदाच, जेमतेम एक ते तीन दिवस माजावर येते. पिंजऱ्यात माणसाने निवडून दिलेल्या नरासोबत हा मुहूर्त हुकला तर नवल काय! चीनच्या जंगलात एका मादीसाठी अनेक नर झुंजतात आणि दर दोन-तीन वर्षांनी पिल्लू वाढतं. संख्या घटली ती बांबूची जंगलं तुटल्याने आणि शिकारीमुळे. जंगलं राखल्यावर चीनच्या चौथ्या पांडा-गणनेत १,८६४ पांडा आढळले. २०१६ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने पांडाची धोक्याची श्रेणी एका पायरीने खाली आणली. आता खरी अडचण रस्त्यांनी तुकडे पडलेल्या जंगलांची आहे.