वर्क परमिटची तीन वर्षे : कॅनडातील पदवीधरांच्या कायम वास्तव्यामागचा इतिहास

अमरावती, यवतमाळ, अकोला या जिल्ह्यांतल्या गावांत एखाद्या घरातले मूल कॅनडाला शिकायला गेले असेल, तर त्याच्या आईवडिलांना लग्नकार्यात, बाजारात, कृषी केंद्रावर दोनच प्रश्न विचारले जातात : बँकेचा हप्ता सुरू झाला का, आणि पोरगं तिकडे पक्कं झालं का. या ‘पक्कं होण्या’ला कागदोपत्री कायम वास्तव्याचा परवाना म्हणतात आणि बोलण्यात सगळेच पीआर म्हणतात. दोन्ही प्रश्न एका श्वासात विचारले जातात, कारण कर्ज काढताना घराने जो हिशोब मांडलेला असतो त्यात पीआर ही शिक्षणाचीच शेवटची पायरी धरलेली असते. कॅनडाच्या कायद्यात मात्र ती कधीच तशी नव्हती. शिक्षणाचा परवाना आणि कायम वास्तव्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; त्या एकमेकींना जोडण्याचे काम वेळोवेळी सरकारी धोरणाने केले आणि ती जोडणी धोरणानेच सैल केली. हा इतिहास माहीत नसल्यामुळे आमच्या भागातल्या अनेक घरांनी एका वर्षाची सवलत हा कायमचा नियम समजून पैसा गुंतवला, असे माझे मत आहे.

विदर्भाला परदेशी शिक्षण नवीन नाही. पापळसारख्या खेड्यात १८९८ साली जन्मलेले पंजाबराव देशमुख ब्रिटनमध्ये शिकून बॅरिस्टर होऊन परतले आणि १९३२ साली त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. त्या पिढीत शिकून परत येणे गृहीत होते. शिकायला जाणे म्हणजे राहायला जाणे, हा अर्थ गेल्या पंधरा-वीस वर्षांत रुजला, आणि त्याला बराचसा कॅनडाचा नियमबदल कारणीभूत आहे.

भारतीयांसाठी कॅनडाची वाट मुळात फार अरुंद होती. १९५१ च्या करारानुसार भारतातून वर्षाला फक्त १५० माणसांना कायमचे येऊ दिले जाई. १९५७ मध्ये हा आकडा ३०० झाला. १९६७ साली गुणपद्धत आली आणि वंश किंवा देश न पाहता शिक्षण, भाषा, वय, कौशल्य यांवर १०० पैकी किमान ५० गुण मिळवणाऱ्याला अर्ज मंजूर होण्याची संधी मिळाली. २००२ च्या नव्या कायद्यानंतर ही अट आधी ७५ आणि मग २००३ मध्ये ६७ गुणांवर स्थिरावली. या पद्धतीत एक मोठा दोष होता. जो पात्र ठरेल त्याचा अर्ज घ्यावाच लागे, त्यामुळे रांग वाढत गेली आणि लोक वर्षानुवर्षे ताटकळले. शेवटी २०१२ मध्ये संसदेने कायदा करून २७ फेब्रुवारी २००८ पूर्वीचे, निर्णय न झालेले कुशल कामगारांचे अर्ज रद्दच केले. कुटुंबीय धरून सुमारे २,८०,००० माणसे त्या रांगेत होती आणि त्यांना शुल्क परत देण्यात आले. अर्ज स्वीकारला गेला म्हणजे हक्क मिळाला असे नाही, हे तेव्हाच दिसले होते. पण त्या रांगेत आमच्या खेड्यांतले लोक फारसे नव्हते, म्हणून ती गोष्ट इकडे पोहोचली नाही.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने खरे वळण २००८ चे. त्या वर्षी एप्रिलमध्ये शिक्षणानंतरचा वर्क परमिट तीन वर्षांपर्यंत आणि कोणत्याही मालकाकडे चालेल असा करण्यात आला, आणि सप्टेंबरमध्ये ‘कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लास’ हा पीआर अर्जदारांचा नवा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेल्या आणि एक वर्ष कुशल काम केलेल्या पदवीधराला त्यातून थेट पीआरचा अर्ज करता येई. शिका, वर्षभर काम करा, अर्ज करा, हा तीन पायऱ्यांचा क्रम इतका सोपा होता की तो पुढे नागपूर-अमरावतीच्या कन्सल्टन्सीच्या फलकांवर सहज मावला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका दुरुस्तीने कोणते अर्ज घ्यायचे आणि कोणते नाही हे ठरवण्याचा अधिकार मंत्र्यांकडे गेला, ही बाब फलकावर येण्यासारखी नव्हती. पुढच्या सगळ्या घडामोडींचे मूळ मात्र त्या अधिकारात आहे.

१ जानेवारी २०१५ पासून ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ आली आणि थेट अर्जाची सोय संपली. आता पात्र उमेदवाराने केवळ नाव नोंदवायचे, १२०० पैकी गुण मिळवायचे आणि सरकारने काढलेल्या फेरीत बोलावणे येण्याची वाट पाहायची. बारावीनंतर कॅप राउंडमधून गेलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला ही पद्धत लगेच समजेल. पात्रता असणे आणि नंबर लागणे यांत जे अंतर असते ते इथे आले, आणि कट-ऑफ दर फेरीला बदलू लागला. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये कॅनडातील शिक्षणासाठी १५ किंवा ३० जादा गुण देऊन पदवीधरांना थोडा आधार मिळाला.

यानंतर आले कोरोनाचे वर्ष. परदेशातून नवी माणसे येऊ शकत नव्हती आणि सरकारने तर २०२१ साठी चार लाखांहून अधिक लोकांना कायम वास्तव्य देण्याचे लक्ष्य जाहीर केलेले होते. ते पूर्ण करायचे तर देशात आधीच असलेल्यांनाच घ्यावे लागणार होते. १३ फेब्रुवारी २०२१ च्या फेरीत कट-ऑफ ७५ गुणांपर्यंत उतरला आणि २७,३३२ जणांना एकाच दिवशी बोलावणे गेले. असे त्याआधी कधी झाले नव्हते आणि त्यानंतरही झालेले नाही. एप्रिलमध्ये त्याहून मोठी घोषणा झाली. तात्पुरत्या वास्तव्यातून कायम वास्तव्याकडे नेणारी एक वेगळी, मर्यादित योजना ६ मेपासून सुरू होईल, तिच्यात ९०,००० जागा असतील आणि त्यांतल्या ४०,००० तिथे शिकलेल्या परदेशी पदवीधरांसाठी असतील, असे जाहीर झाले. अटी सौम्य होत्या. जानेवारी २०१७ नंतर अभ्यासक्रम पूर्ण झालेला असावा, अर्जाच्या वेळी नोकरी असावी, कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवर पातळी किमान ५ असावी आणि उमेदवार क्वेबेक सोडून कॅनडात राहत असावा. एक वर्षाच्या कामाची अट नव्हती, गुणांची स्पर्धाही नव्हती. जो आधी अर्ज भरेल तो आत, एवढाच नियम होता.

ती रात्र आमच्याकडच्या अनेक घरांना आठवते. कॅनडाच्या पूर्व भागात दुपारचे बारा वाजले तेव्हा इकडे रात्रीचे साडेनऊ झाले होते. विदर्भात दुसरी लाट ऐन भरात होती, घरोघरी ऑक्सिजन आणि खाटांची शोधाशोध चालली होती, आणि तिकडे मुले भाषेच्या परीक्षेचा निकाल, पदवीचे पत्र, नोकरीचे पत्र स्कॅन करून संकेतस्थळ उघडण्याची वाट पाहत बसली होती. त्याआधीचे तीन आठवडे भाषेच्या परीक्षेची जागा मिळवण्यात गेले होते. ज्यांना ती मिळाली नाही त्यांचा अर्ज तिथेच अडला. पदवीधरांच्या ४०,००० जागा जेमतेम एका दिवसात भरल्या. उरलेल्या गटांसह ती योजना ५ नोव्हेंबर २०२१ रोजी संपली आणि तशी दुसरी योजना पदवीधरांसाठी पुन्हा आली नाही.

पण तिची बातमी राहिली. ‘एका दिवसात पीआर मिळाला’ हे वाक्य गावात पोहोचायला वेळ लागत नाही, आणि ज्या विशेष परिस्थितीत तो मिळाला ती परिस्थिती वाक्याबरोबर प्रवास करत नाही. २०२२ आणि २०२३ मध्ये जी मुले निघाली त्यांच्या घरच्यांशी बोलताना हे वारंवार जाणवते. दरम्यान सरकारनेही या आशेला खतपाणी घातले, कारण २०२१, २०२२ आणि २०२३ अशी तीनदा संपत आलेल्या वर्क परमिटना १८ महिन्यांची मुदतवाढ देण्यात आली. २०२३ संपता संपता अशी मुदतवाढ यापुढे नाही, असे स्पष्ट झाले. त्या वर्षाअखेरीस कॅनडात शिक्षणाचे परवाने असलेल्यांची संख्या दहा लाखांच्या वर गेली होती आणि त्यांत सर्वांत मोठा गट भारतीयांचा होता. घरभाडे, दवाखान्यांवरचा ताण आणि राजकारण या तिन्हींचा रोख विद्यार्थ्यांकडे वळला.

पुढचे बदल फार झपाट्याने आले. जानेवारी २०२४ पासून राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम १०,००० डॉलरवरून २०,६३५ डॉलर झाली, म्हणजे आपल्याकडच्या साधारण साडेबारा लाख रुपयांच्या आसपास. कापूस-सोयाबीनच्या घरासाठी हा फरक केवढा आहे हे वेगळे सांगायला नको. त्याच महिन्यात नव्या शिक्षण परवान्यांच्या संख्येवर मर्यादा आली. १५ मे २०२४ पासून, सरकारी महाविद्यालयाचा अभ्यासक्रम भाड्याने घेऊन चालवणाऱ्या खासगी महाविद्यालयांत दाखल होणाऱ्यांना वर्क परमिट मिळणे बंद झाले. १ नोव्हेंबर २०२४ पासून वर्क परमिटसाठी भाषेची अट आली आणि महाविद्यालयीन डिप्लोमासाठी ठरावीक विषयांचीही. ८ नोव्हेंबरला भारतीय विद्यार्थ्यांसाठी २०१८ पासून चालत आलेली जलद अर्जाची सोय बंद झाली. कायम वास्तव्याचे २०२५ चे नियोजित लक्ष्य ५ लाखांवरून ३,९५,००० वर आले, आणि प्रांतांना त्यांच्या पसंतीचे उमेदवार निवडण्यासाठी मिळणाऱ्या जागा त्या वर्षापुरत्या निम्म्या करण्यात आल्या. ऑन्टारियोचा वाटा २१,५०० वरून १०,७५० वर घसरला. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने विज्ञान शाखांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना निवडण्याचा आपला वर्ग जानेवारी २०२५ मध्ये अर्जांसाठी बंद केला.

क्वेबेकची गोष्ट वेगळी आहे, कारण १९९१ च्या करारामुळे तो प्रांत आपले स्थलांतरित स्वतः निवडतो. तिथे २०१० पासून ‘पेक’ नावाचा कार्यक्रम होता : प्रांतात शिक्षण घेतलेल्या आणि फ्रेंच येणाऱ्या पदवीधराला त्यातून निवड प्रमाणपत्र मिळे. २०१९-२० मध्ये त्याच्या अटी कडक झाल्या, ऑक्टोबर २०२४ मध्ये पदवीधरांचा भाग स्थगित झाला आणि १९ नोव्हेंबर २०२५ रोजी तो कार्यक्रम संपुष्टात आला. त्याच्या जागी गुणांवर आणि बोलावण्यावर चालणारा कुशल कामगारांचा कार्यक्रम उरला. म्हणजे अट पूर्ण करणारा प्रत्येक जण पात्र, ही पद्धत जाऊन तिथेही रांगेतून निवड आली.

मग आज पदवीधरापुढे काय आहे, याचा हिशोब प्रत्यक्ष आकड्यांत मांडलेला बरा. समजा पंचवीस वर्षांचा अविवाहित मुलगा आहे, कॅनडातून मास्टर्स झाला आहे आणि भाषेच्या चारही भागांत त्याची पातळी ९ आहे, म्हणजे आयईएलटीएसमध्ये ऐकण्याला ८ आणि बाकी तिन्हींना ७ बँड. वयाचे ११०, शिक्षणाचे १३५, भाषेचे १२४, एका वर्षाच्या कामाचे ४०, शिक्षण आणि भाषा एकत्र असल्याचे ५० आणि कॅनडातील पदवीचे ३०, असे मिळून ४८९ गुण होतात. २०२५ मध्ये कॅनडात काम केलेल्यांच्या फेऱ्यांत कट-ऑफ ५१० च्या खाली उतरला नाही. तीन वर्षे काम केले तर त्याचे ५१३ होतात, आणि वर्क परमिटही जास्तीत जास्त तीन वर्षांचाच असतो. हा मुलगा कुठेही कमी पडलेला नाही. २००८ च्या नियमाने त्याचा अर्ज वर्षभरात गेला असता. मार्च २०२५ पासून नोकरीच्या पत्राचे जादा गुणही काढून टाकण्यात आले आहेत, त्यामुळे ‘जॉब ऑफर मिळवून देतो, गुण वाढतील’ असे आजही सांगणारा एजंट जुना नियम विकत आहे.

गुण वाढवण्याच्या ज्या वाटा उरल्या त्यांत प्रांताचे नामनिर्देशन, म्हणजे प्रांताने आपल्या पसंतीचा उमेदवार म्हणून निवडणे, सर्वांत मोठे, कारण त्याला ६०० गुण आहेत. फ्रेंच भाषेचा आधार त्याखालोखाल : मार्च २०२५ मध्ये फ्रेंच जाणणाऱ्यांच्या एका फेरीत ३७९ गुणांवर बोलावणे गेले. आमच्याकडे शाळेत फ्रेंच नसते, पण दोन वर्षे नेटाने शिकल्यास ती भाषा जवळपास तीन वर्षांच्या नोकरीइतके गुण देऊन जाते, हे निघण्यापूर्वी कळले पाहिजे. २०२३ पासून आरोग्यसेवा, तांत्रिक हस्तव्यवसाय अशा ठरावीक व्यवसायांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात, बी.एस्सी. नर्सिंग केलेल्या मुलींसाठी त्या महत्त्वाच्या आहेत. पूर्वेकडच्या चार प्रांतांसाठी पीआरचा वेगळा अटलांटिक कार्यक्रम २०२२ पासून कायमचा झाला आहे. लहान गावांसाठीची २०१९ ची प्रायोगिक योजना २०२४ मध्ये संपली आणि जानेवारी २०२५ पासून नवी ग्रामीण योजना १४ ठिकाणी सुरू झाली. त्यांत थंडर बे, टिमिन्स, ब्रँडन, मूस जॉ अशी गावे आहेत. तिथे एक्स्प्रेस एन्ट्रीच्या गुणांची स्पर्धा नाही, पण त्या गावातल्या मान्यताप्राप्त मालकाची नोकरी लागते. खेड्यातून आलेल्या मुलाला लहान गाव परके वाटत नाही, आणि टोरोंटोच्या गर्दीत राहण्यापेक्षा ही वाट त्याच्या स्वभावाला जुळण्यासारखी आहे.

या सगळ्या वेळापत्रकाशेजारी घरचे वेळापत्रक ठेवून पाहिले पाहिजे. शेतजमिनीवरचे तारण २००२ च्या सरफेसी या बँकांच्या कर्जवसुली कायद्याच्या जप्तीच्या तरतुदींतून वगळलेले आहे, म्हणून शैक्षणिक कर्जासाठी बहुतेक बँका वावर तारण घेत नाहीत. त्यामुळे ज्याच्याकडे सातबाऱ्यापलीकडे काही नाही असा कास्तकार तालुक्याच्या ठिकाणचा प्लॉट, नातेवाइकाचे घर किंवा सोने पुढे करतो, नाहीतर एक-दोन एकर विकून मोकळा होतो. कर्जाचा हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर साधारण सहा महिन्यांनी ते वर्षभराने सुरू होतो. त्या वेळी मुलाकडे फार तर एका वर्षाचा अनुभव असतो, त्याचे गुण ४८९ असतात, आणि वर्क परमिटची दोन वर्षे शिल्लक असतात.