सीएफए फ्रँक चलनक्षेत्र

सीएफए फ्रँक चलनक्षेत्र : पश्चिम व मध्य आफ्रिकेतील १४ देशांची, युरोशी स्थिर दराने बांधलेली चलनव्यवस्था. सीएफए या फ्रेंच आद्याक्षरांचा मूळ अर्थ ‘आफ्रिकेतील फ्रेंच वसाहती’ असा होता. प्रत्यक्षात हे दोन स्वतंत्र चलनसंघ आहेत. पश्चिमेकडील संघात बेनिन, बुर्किना फासो, आयव्हरी कोस्ट, गिनी-बिसाऊ, माली, नायजर, सेनेगल व टोगो हे देश असून त्यांची मध्यवर्ती बँक डकारला आहे. मध्य आफ्रिकेतील संघात कॅमेरून, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, चाड, काँगो (ब्राझाव्हिल), गॅबन व विषुववृत्तीय गिनी येतात. त्यांची बँक याउंडे येथे आहे. दोन्ही चलनांचा दर एकच (१ युरो = ६५५.९५७ फ्रँक), तरी एका संघाच्या नोटांची दुसऱ्या संघात होणारी अदलाबदल १९९३ मध्ये थांबवण्यात आली.

या क्षेत्राचा आरंभ कधी धरावा, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काही जण तो १९०१ मध्ये स्थापन झालेल्या पश्चिम आफ्रिका बँकेपर्यंत मागे नेतात. ही नोटा काढणारी खाजगी बँक होती. पण तिच्या काळात वसाहतींचा फ्रँक व फ्रान्सचा फ्रँक यांचे मूल्य वेगळे नव्हते, त्यामुळे तिला पूर्वपीठिका म्हणणे पुरेसे वाटते. दुसरा पक्ष ऑगस्ट-सप्टेंबर १९३९ चे हुकूम प्रमाण मानतो. युद्धाच्या तोंडावर काढलेल्या या हुकुमांनी फ्रान्स व वसाहतींभोवती परकीय चलनाच्या नियंत्रणाचे एकच कुंपण घातले. चलनक्षेत्र याच अर्थाने पाहिले, तर हे वर्ष अधिक सयुक्तिक ठरते. सीएफए फ्रँक हे नाव व वेगळे मूल्य असलेले चलन मात्र २६ डिसेंबर १९४५ च्या हुकुमाने आले.

त्या वेळी १ सीएफए फ्रँकची किंमत फ्रान्सचे १.७० फ्रँक ठरली. या दराचे अधिकृत स्पष्टीकरण असे, की युद्धकाळात फ्रान्समध्ये भाववाढ अधिक झाली होती आणि फ्रँकच्या अवमूल्यनाचा पूर्ण भार वसाहतींवर पडू नये. टीकाकारांच्या मते महाग चलनामुळे वसाहतींचा माल इतर बाजारपेठांत महागला, फ्रान्सचा माल तेथे स्वस्त झाला आणि युद्धात तुटलेला व्यापार फ्रान्सकडे परत वळला. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात. परंतु ऑक्टोबर १९४८ मध्ये दर आणखी वाढवून २ फ्रँक करण्यात आला, हे पाहता दुसऱ्या मताकडे झुकते माप द्यावेसे वाटते.

वसाहती स्वतंत्र झाल्यावर अशी सामाईक चलने बहुधा मोडली. मुंबईच्या व्यापाऱ्यांना परिचित असलेला आखाती रुपया हे जवळचे उदाहरण : रिझर्व्ह बँकेने त्याच्या वेगळ्या नोटा १९५९ मध्ये काढल्या आणि १९६६ नंतर तो बहुतेक आखाती देशांतून गेला. सीएफए फ्रँक टिकला. गिनीने मार्च १९६० मध्ये स्वतःचे चलन काढले. माली १९६२ मध्ये बाहेर पडला व १९८४ मध्ये परतला. मॉरिटानिया व मादागास्कर १९७३ मध्ये गेले. टोगोचे अध्यक्ष सिल्व्हानुस ओलिम्पियो स्वतंत्र चलनाच्या तयारीत असताना जानेवारी १९६३ मध्ये मारले गेले. या हत्येचा चलनाशी संबंध अनेकदा जोडला जातो. तो सिद्ध झालेला नाही. चलन टिकण्यामागे फ्रान्सची हमी होती. सीएफए फ्रँक ठरलेल्या दराने बदलून देण्याची जबाबदारी फ्रेंच कोषागार घेई आणि त्या बदल्यात परकीय चलनाचा साठा त्याच्या खात्यात ठेवावा लागे : आरंभी सर्व, १९७३ नंतर किमान ६५ टक्के, पश्चिमेकडील संघासाठी २००५ पासून ५० टक्के. जोसेफ चुंजांग पुएमी या कॅमेरूनी अर्थतज्ज्ञांनी १९८० मध्येच या व्यवस्थेवर कठोर टीका केली होती.

एक चलन असूनही बँकव्यवसाय देशोदेशी विभागलेलाच राहिला, ही या क्षेत्राची खरी उणीव होती. मध्यवर्ती बँकेकडून सरकारने घ्यायच्या कर्जाला आदल्या वर्षीच्या करउत्पन्नाच्या २० टक्क्यांची मर्यादा होती. सरकारांनी ती सरकारी बँकांच्या आडून चुकवली. पीककर्जाच्या नावाने पैसा उचलला गेला व थकला. बेनिनमध्ये १९८८-८९ दरम्यान तिन्ही सरकारी बँका कोसळल्या, पगार थकले आणि राजवटही फार टिकली नाही. त्यानंतर १९९० मध्ये दोन्ही संघांत बँकांची तपासणी राष्ट्रीय अधिकाऱ्यांकडून काढून सामाईक बँक आयोगांकडे देण्यात आली. ११ जानेवारी १९९४ रोजी डकारमध्ये जाहीर झालेल्या निर्णयाने सीएफए फ्रँकचे मूल्य निम्म्यावर आले : फ्रान्सच्या १ फ्रँकला ५० ऐवजी १०० (१९६० मध्ये फ्रान्सने जुन्या १०० फ्रँकचा एक नवा फ्रँक केल्याने १९४८ चा दर १ फ्रँकला ५० सीएफए फ्रँक असा झाला होता). कोको व कापसाच्या निर्यातीला उभारी मिळाली. शहरांत आयात तांदूळ व औषधे महागली, आणि त्याची झळ पगारावर जगणाऱ्यांना बसली.

आठ देशांचा सामाईक रोखे बाजार आबिजान येथे सप्टेंबर १९९८ मध्ये सुरू झाला. मध्य आफ्रिकेत लिब्रव्हिल व दुआला येथे दोन परस्परस्पर्धी बाजार निघाले. ते २०१९ मध्ये दुआला येथे एकत्र आले.

डिसेंबर २०१९ मध्ये पश्चिमेकडील संघाने फ्रान्सशी नवा करार केला. साठा फ्रेंच कोषागारात ठेवण्याची अट गेली, फ्रेंच प्रतिनिधी मध्यवर्ती बँकेच्या मंडळातून हटले. हमी व स्थिर दर कायम राहिले. चलनाला ‘इको’ हे नाव देण्याचेही तेव्हा ठरले, पण ते प्रचारात आलेले नाही. जानेवारी २०२२ मध्ये शेजारी देशांनी मालीवर निर्बंध लादले तेव्हा त्याची डकारच्या बँकेतील खाती गोठवण्यात आली आणि मालीला प्रादेशिक बाजारातील कर्जरोख्यांचे हप्ते फेडता आले नाहीत. जुलै २०२३ च्या लष्करी उठावानंतर नायजरवरही हीच वेळ आली. तरीही माली, नायजर व बुर्किना फासो या तिघांनी जानेवारी २०२५ मध्ये पश्चिम आफ्रिकी आर्थिक समुदाय सोडला, तेव्हा चलनसंघ मात्र सोडला नाही.