पंचांग आधी, दुर्बीण नंतर

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतो, पण होडी कधी लोटायची आणि कालवं काढायला खडपात कधी उतरायचं हे किनाऱ्यावरच्या बायाबापड्यांनी पिढ्यानपिढ्या याच गणितावर ठरवलं. कोकणात किनाऱ्यावरचे पक्षी बघायचे तर दुर्बिणीच्या आधी हे गणित हाताशी असावं. पक्षीही त्याच वेळापत्रकावर जेवतात.

पूर्ण ओहोटीला गेलात तर समोर चिखल आणि वाळू दूरवर उघडी पडलेली असते आणि पक्षी म्हणजे नुसते ठिपके. ऐन भरतीला गेलात तर त्यांना उभं राहायला जागाच नसते. ते खाजणाच्या बांधावर किंवा एखाद्या खडकावर अंग चोरून झोपलेले. भरतीच्या साधारण दोन तास आधी पोहोचावं. पाणी चढत जातं तसतसे ते चरत चरत तुमच्याकडे सरकतात, तुम्हाला पाऊलही उचलावं लागत नाही. म्हणजे द्वादशीला सकाळी सातच्या सुमारास खाडीच्या तोंडाशी जाऊन बसायचं. सूर्य पाठीशी आला तर उत्तम.

बसलात की आधी चाल बघा. पिसांचे रंग हिवाळ्यात सगळ्यांचेच मातकट. पुस्तक उघडून रंग जुळवत बसणारा नवखा पहिल्याच दिवशी वैतागतो. चिखल्या (प्लोव्हर) चार पावलं धावतो, एकदम थांबतो, टक लावून बघतो आणि टोचतो, पुन्हा धावतो. डोळे मोठे, चोच आखूड, सगळी शिकार नजरेवर. त्याच्या शेजारचा तुतारी (सँडपायपर) मात्र मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चिखलात खुपसत चाललेला असतो. त्याला दिसण्याशी फारसं कर्तव्य नाही. चोचीच्या टोकाला दाब ओळखणारी सूक्ष्म केंद्रं असतात. चिखलातला किडा न दिसताही चोचीला कळतो. आणि मागे उभा असलेला कोरल (कर्ल्यू) आपली लांब वाकडी चोच कुर्लीच्या बिळात घालतो, जिथे या दोघांची पोहोच नाही. एकाच हातभर चिखलात तीन थरांवर तीन जण जेवतात, भांडण न करता.

यातले बरेच जण पाहुणे. आपल्याकडे जो छोटा चिखल्या थव्याने दिसतो तो उन्हाळ्यात लडाख-तिबेटच्या पठारावर घरटं करतो; काही तुतारी थेट सैबेरियाच्या उत्तर टोकावरून येतात. मार्च-एप्रिलमध्ये परत निघायच्या आधी अंगावर चरबी चढवायची, एवढंच त्यांचं इथलं काम. किनाऱ्यावर गाडी पळवणारा पर्यटक किंवा थव्यावर सोडलेला कुत्रा त्यांना उडवतो तेव्हा चित्र छान दिसतं, पण त्या प्रत्येक उड्डाणात कमावलेली चरबी जळते. शिवाय चरायचे तास भरतीने आधीच मोजून दिलेले असतात, ते वाढवून मिळत नाहीत. मांडव्याच्या लाँचमागे येणाऱ्या कुरवांना (सीगल) गाठी-शेव टाकणं हाही त्यातलाच प्रकार. मासे खाणाऱ्या पाखराला तळलेलं बेसन कशाला? फोटोपुरती हौस, दुसरं काय.

कोकणातल्या माणसाकडे पक्ष्यांबद्दलची निम्मी माहिती असतेच. कुठल्या आंब्यावर समुद्री गरुडाचं घरटं आहे, ते आजोबांच्या वेळेपासून आहे की नंतरचं, धनेशाची जोडी कुठल्या ढोलीत बसते, हे वाडीत कोणालाही विचारा. कमी पडते ती लिहून ठेवायची सवय. समुद्री गरुड एकच घरटं वर्षानुवर्षं डागडुजी करून वापरतो. ते झाड तोडलं गेलं की घरट्याबरोबर त्याचा इतिहासही जातो, कारण तारीख कोणीच टिपलेली नसते. धनेशाचं त्याहून नाजूक. मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, पुढचे काही महिने नर फटीतून फळं भरवतो. एवढी मोठी ढोली जुन्या दांडग्या झाडालाच असते, आणि आपल्याकडची अशी पुष्कळ झाडं देवराईत नाहीतर खाजगी मालकीच्या रानात. मालकाला ‘तुमच्या बेहड्यात अमुक साली पिल्लं निघाली’ असं वहीतलं पान दाखवता येणं आणि नुसतं ‘झाड तोडू नका हो’ म्हणणं, यात फार फरक पडतो.

लिहून ठेवण्याचा आपल्या किनाऱ्यावरचा सर्वांत मोठा धडा अलिबागजवळच्या किहीमचा. 1930 साली पक्षीतज्ज्ञ सालिम अली जर्मनीतून शिकून परतले होते, मुंबईतली नोकरी उरली नव्हती आणि ते किहीमच्या घरी राहत होते. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळाभर ते तिच्यासमोर बसून राहिले, कोण कुठे काय करतं ते टिपत. त्यातून निघालेला लेख पुढच्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. घरटं विणतो तो नर, मादी नव्हे. नर शिरस्त्राणासारखं अर्धं घरटं विणून थांबतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच आत अंथरूण घालते. मग नर नळीसारखं दार पुरं करतो आणि लगेच दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. जोड्यांचा हा प्रकार त्याआधी कोणी नीट उलगडला नव्हता. साधन काय होतं? वेळ आणि वही.

आजही जुलै ते सप्टेंबर शेताच्या कडेच्या शिंदीवर, विहिरीवर झुकलेल्या फांदीवर ही वसाहत दिसते. शाळेला प्रकल्प हवा असेल तर याहून सोपा नाही. दर आठवड्याला तीन आकडे: पूर्ण घरटी किती, अर्धी किती, टाकून दिलेली किती. नर भाताच्या पात्याला खाच पाडून उडता उडता लांब पट्टी सोलतो, हे पोरांना एकदा दिसलं की पुढच्या आठवड्याची आठवण करून द्यावी लागत नाही.

मात्र सगळीच घरटी जवळ जाऊन बघायची नसतात. तिबोटी खंड्या पहिल्या पावसाबरोबर येतो. चिमणीएवढा, जांभळा-नारिंगी, रायगडचा जिल्हा पक्षी. पऱ्याच्या (ओढ्याच्या) नाहीतर रस्त्याच्या कडेच्या मातीच्या दरडीत आडवं बीळ कोरतो आणि पिल्लांना सापसुरळ्या, बेडक्या, खेकडे भरवतो. त्याचं बीळ कळलं की कॅमेऱ्यांची रांग लागते. समोर माणसं उभी असली की तो चोचीत खाऊ धरून फांदीवरच बसून राहतो, आत जात नाही. माझं मत स्पष्ट आहे: विणीच्या काळात घरट्याची जागा कोणालाही सांगू नये, मित्रालासुद्धा. गावात कळलंच तर दरड खोदणाऱ्या जेसीबीवाल्याला तेवढं जरूर सांगावं.

शिकायला कुठे जायचं? मुंबई-ठाण्याकडच्यांना ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र सोयीचं. तिथून ठाणे खाडीत रोहित (फ्लेमिंगो) बघायला बोटी निघतात, त्याही भरतीची वेळ बघून. ही खाडी 2015 साली अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली. रानपक्ष्यांसाठी पनवेलजवळचं कर्नाळा (1968 पासूनचं अभयारण्य) आणि मुरूडचं फणसाड. पण खरी शाळा मोजण्यांची. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. 1987 पासून चालू आहे आणि स्वयंसेवकांवरच चालते. फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. भारत त्यात 2013 पासून आहे. कुठेही किमान 15 मिनिटं थांबून दिसलेले सगळे पक्षी मोजायचे आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर फुकट नोंदवायचे. नोव्हेंबरात 5 ते 12 तारखांना राज्याचा पक्षी सप्ताह, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून.

मोजणीत सगळे पक्षी म्हणजे सगळे, कावळासुद्धा. नवशिके दुर्मीळ तेवढंच लिहितात आणि यादी वाया घालवतात. पूर्ण यादी असली तरच एखादा पक्षी ‘नव्हता’ असं म्हणता येतं, आणि घट कळते ती या ‘नव्हता’वरून. मोठा थवा असेल तर दहा मोजा, दहाची जागा डोळ्यांत बसवा, मग तेवढे गठ्ठे मोजत जा. चुकेल, पण ‘खूप होते’पेक्षा हजारपट बरं. आवाज ओळखायला मर्लिन हे ॲप मदत करतं. त्याचं म्हणणं डोळ्यांनी पडताळल्याशिवाय नोंदवू नये इतकंच.

नोंदी आणि स्थानिक डोळे एकत्र आले की काय होतं, ते वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकाळ बेटांवर दिसलं. तिथल्या गुहांत भारतीय पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. काळोखात या पाकोळ्या टिकटिक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधतात आणि घरटं लाळेने बांधतात. परदेशात त्याचं सूप करतात म्हणून घरटी चोरली जात होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2001 साली हा प्रकार उघडकीला आणला, आणि पुढे या पक्ष्याला वन्यजीव कायद्यात वरच्या अनुसूचीचं संरक्षण मिळालं. बेटावर होडी कोणाची आणि कधी लागते, हे किनाऱ्यावरच्याच माणसाला दिसतं. तुमच्या खाडीवरही तसंच. वहीत तारीख, तिथी, भरतीची वेळ आणि थांबलात ती मिनिटं, एवढे चार रकाने आधी आखून घ्या. पक्ष्यांची नावं सुरुवातीला चुकली तरी नंतर दुरुस्त होतात, हे चार रकाने मागाहून भरता येत नाहीत.