टोपीवाल्यांचं वेड आणि पारा

'मॅड ॲज अ हॅटर', म्हणजे टोप्या बनवणाऱ्यासारखा ठार वेडा. हा इंग्रजी वाक्प्रचार ऐकला की १८६५ च्या 'ॲलिस इन वंडरलँड' या कादंबरीतला चहा पीत बसलेला टोपीवाला आठवतो. पण वाक्प्रचार त्याच्याआधीचा. १८२९ साली तो एडिनबरोच्या ब्लॅकवुड्स मासिकात छापून आला होता. त्याचा उगम टोपी-कामगारांच्या एका आजारात शोधला जातो. याचा लेखी पुरावा नाही, आजार मात्र पुरेपूर खरा होता.

त्या काळच्या साहेबी टोप्या नमद्याच्या असत. ससा आणि बीव्हर यांची लव दाबून, गुंतवून हा नमदा तयार होई. लव गुळगुळीत असेल तर नीट गुंतत नाही. म्हणून कातड्यावर मर्क्युरिक नायट्रेट या पाऱ्याच्या क्षाराचं द्रावण ब्रशने फासत. केसांतल्या केराटिन या प्रथिनाच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना धरून असतात. पाऱ्याला गंधकाची विलक्षण ओढ. तो हे बंध तोडतो, केस खडबडीत आणि वाकडे होतात आणि मग गरम पाणी व वाफेत घट्ट गुंततात. लवेची टोकं गाजरासारखी नारिंगी झाली की काम साधलं.

पुढे लव सुकवताना, वाफेवर टोपीला आकार देताना पाऱ्याची वाफ कोंदट कारखान्यात भरून राही. पातळ पारा चुकून गिळला तर तो बहुतांशी तसाच बाहेर पडतो. वाफेचं तसं नाही. श्वासातून आत गेलेल्या वाफेचा सुमारे ८० टक्के भाग शरीरात मुरतो. ती मेंदूत सहज शिरते, तिथे पाऱ्याचं रूप बदलतं आणि तो अडकून पडतो. मेंदूतल्या प्रथिनांमध्येही गंधक असतंच! ज्या रासायनिक ओढीमुळे टोपी उत्तम बनत होती, तीच ती बनवणाऱ्याच्या मज्जासंस्थेवर उलटत होती.

आधी हात थरथरू लागत. हिरड्या सुजत, दात हलत, तोंडाला सारखी लाळ सुटे. अमेरिकेत कनेटिकटमधलं डॅनबरी हे टोप्यांचं मोठं केंद्र. तिथे या कंपाला 'डॅनबरी शेक्स' असंच नाव पडलं होतं. स्वभावही बदले. माणूस चिडका होई, पण त्याहून जास्त बुजरा. कुणी पाहतंय म्हटलं की त्याला काम सुचेना. ॲलिसचा टोपीवाला तर भलताच बोलघेवडा. त्यामुळे त्याला पाऱ्याची बाधा झाली नसावी, असा युक्तिवाद १९८३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला गेला आणि मला तो पटतो.

न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावच्या डॉ. फ्रीमन यांनी टोपी-कामगारांमधल्या या आजाराचं वर्णन १८६० मध्येच लिहून ठेवलं होतं. तरी अमेरिकेतल्या टोपीधंद्यातून पारा हटायला डिसेंबर १९४१ उजाडला. तोही निव्वळ कामगारांच्या काळजीपोटी नव्हे. युद्धासाठी स्फोटकांच्या डिटोनेटरमध्ये पारा हवा होता, आणि टोप्यांचं काम हायड्रोजन पेरॉक्साइडवर भागत होतं.