बेळगाव सीमाभागातील संग्रहालय-दर्शन

बेळगाव (१ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी), खानापूर, निपाणी व चिकोडी या पट्ट्यातील मराठी भाषकांची वस्तुसंग्रहालये पाहण्याची रीत, तसेच या मुलखात सापडलेल्या पुराणवस्तू व निसर्गनमुन्यांची सध्याची ठिकाणे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा प्रदेश तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे गेला. नित्याच्या बोलण्यात संग्रहालयाला ‘म्युझियम’च म्हणतात, ‘अजबखाना’ हा जुना शब्द वयस्कर माणसांकडे अजून ऐकू येतो. शाळेच्या सहलीत संग्रहालय हे देवदर्शन आणि जेवणाचे डबे यांच्या मध्ये येते, हे सर्वांच्या अनुभवाचे असल्याने येथे विस्तार केलेला नाही.

प्रदेशातील एक प्रमुख संग्रहालय कित्तूरच्या किल्ल्यात आहे. ते राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे असून शिल्पे, वीरगळ व शस्त्रे ही त्याची मुख्य सामग्री. येणाऱ्यांचा ओढा मात्र संग्रहापेक्षा राणी चन्नम्मा यांच्या पडक्या वाड्याकडे असतो. २३ ऑक्टोबर १८२४ च्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे येथे मारला गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात किल्ला इंग्रजांच्या हाती पडला, आणि बैलहोंगल येथे कैदेत असताना १८२९ मध्ये राणीचे निधन झाले. वाड्याच्या भिंतीतून ध्रुवतारा दिसावा म्हणून बसवलेली नळी वाटाडे आवर्जून दाखवतात. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची त्या स्थळाच्या अक्षांशाइतकी असते, आणि कित्तूरचा अक्षांश साधारण साडेपंधरा अंश आहे. नळीचा कल त्याहून फार चढा असता तर ध्रुव तिच्यातून दिसलाच नसता. वाटाड्याच्या बाकीच्या कथांना अशी कसोटी लावता येत नाही.

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर संग्रहालय नव्हे, तरी पाहणारा ते तशाच रीतीने पाहतो. मुखमंडपाच्या छतातून खाली झेपावलेले दगडी कमळ आणि त्यातील बहात्तर तीर्थंकर (भूत, वर्तमान व भविष्य या तीन काळांचे प्रत्येकी चोवीस) हे तिचे वैशिष्ट्य. रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने ती बांधवली, असे मानतात. किल्ल्यातील या जिनालयाशी जोडला जाणारा जुन्या कन्नडातील शिलालेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मंदिर येथे आणि त्याचा दाखला लंडनला, ही स्थिती शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे.

या शिलालेखाच्या वर्षाबद्दल वाचकांत वरचेवर गोंधळ होतो. लेखात शक ११२७ आहे. शकात ७८ मिळवण्याचा सरधोपट नियम लावला तर इ.स. १२०५ येते, पण बहुतेक अभ्यासक १२०४ देतात. फरकाचे कारण शक ‘वर्तमान’ (चालू वर्ष) की ‘गत’ (पूर्ण झालेले वर्ष) हे आहे. लेखातील संवत्सराचे नाव रक्ताक्षी असून दाक्षिणात्य गणनेत ते साठ संवत्सरांपैकी अठ्ठावन्नावे. ते गत शक ११२६ ला, म्हणजे १२०४-०५ ला पडते. तेव्हा लेखातील ११२७ हे वर्तमान, चालू वर्ष ठरते. पौष शुद्ध द्वितीया, शनिवार व उत्तरायण संक्रांती हे तिन्ही तपशील २५ डिसेंबर १२०४ या दिवशी जुळतात. मकरसंक्रांत जानेवारीत येण्याची सवय असलेल्याला ही तारीख खटकेल. परंतु तेव्हाच्या पंचांगातील निरयन (ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेली) संक्रांत ज्यूलियन कालगणनेने डिसेंबराच्या शेवटच्या आठवड्यात येत असे. म्हणून मार्गदर्शिकांत आढळणारे १२०५ टाळावे, हे बरे. बेळगावची वेणुग्राम, वेळुग्राम ही रूपे लेखांतून मिळतात. मराठी वाचकाला त्यात आपला ‘वेळू’ दिसतो. तो ‘वेणू’चाच अवतार असल्याने या नावावरून भाषेच्या हद्दी आखण्यात अर्थ नाही.

खानापूर तालुक्यातील हलशी (प्राचीन पलाशिका) येथेही जे पाहायचे ते जागेवरच, उघड्यावर आहे. भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गर्भगृहे समोरासमोर असून एकात नरसिंह व दुसऱ्यात भूवराह आहे. येथील लेख गोव्याच्या कदंब घराण्यातील राजा शिवचित्त पेर्माडी याचा; तो शकात नसून कलियुगाच्या ४२७० व्या वर्षात, विरोधी संवत्सरात दिला आहे. हे वर्ष इ.स. ११६९-७०. कलिवर्षात लेख लिहिणे ही या घराण्याची खास खूण होय.

हलशीचे खरे धन मात्र त्या लेखाहून सहाशे-सातशे वर्षांनी जुने, ते आद्य कदंब राजांच्या ताम्रपटांचे. गावाबाहेर नंदगडच्या वाटेवर चक्रतीर्थ नावाच्या लहान विहिरीजवळच्या मातीच्या ढिगात ते सापडले, आणि कोरीव लेखांचा अभ्यासक जे. एफ. फ्लीट याने ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाचून प्रसिद्ध केले. भाषा संस्कृत, दाने बहुतांशी जैन संघांना. मृगेशवर्म्याने पलाशिकेत जिनालय बांधून यापनीय, निर्ग्रंथ व कूर्चक अशा तीन पंथांना तेहतीस निवर्तने (निवर्तन हे जमिनीचे जुने माप) जमीन दिली. रविवर्म्याने कार्तिकी पौर्णिमेला आठ दिवसांचा जिनोत्सव नेमला. यांतील सर्वांत वादग्रस्त पट काकुस्थवर्म्याचा. तो स्वतःला कदंबांचा युवराज म्हणवतो आणि श्रुतकीर्ती या सेनापतीला, आपल्याला तारल्याबद्दल, खेटग्रामातील शेत देतो. वर्ष दिले आहे ते ‘स्ववैजयिक’, म्हणजे स्वतःच्या विजयाचे, ऐंशीवे. युवराजपदाची ऐंशी वर्षे संभवत नाहीत, एवढ्यावर एकमत आहे. पुढे मात्र वाटा फुटतात. एका मताने ही उत्तरेच्या गुप्त सम्राटांच्या संवताची ऐंशी वर्षे, म्हणजे इ.स. ३९९-४००. कदंबांच्या मुली गुप्तांच्या घरी दिल्याचा उल्लेख तालगुंडच्या लेखात असल्याने या मताला आधार मिळाला. दुसऱ्या, फ्लीटपासून चालत आलेल्या मताने ही गणना घराण्याच्या स्वतःच्या विजयापासूनची, संस्थापक मयूरशर्म्यापासूनची. ‘स्व’ हा शब्द परक्या संवताला जोडणे अवघड असल्याने दुसरे मत अधिक सरळ वाटते. मयूरशर्म्याचा उदय इ.स. ३४५ च्या सुमारास धरला तर पट ४२५ च्या आसपास येतो. अर्थात ३४५ हे सालही अंदाजीच असल्याने ४२५ वर फार भार टाकता येत नाही. पाचव्या शतकाचा पूर्वार्ध असे म्हणणे सुरक्षित.

बेळगाव शहराच्या दक्षिणेकडील वडगाव-माधवपूर येथे १९७० च्या दशकात धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाने उत्खनन केले व सातवाहनकालीन नगर उजेडात आले. तिळकवाडीतील वीरसौध हे १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाचे स्मारक असून तेथे छायाचित्रे लावली आहेत. महात्मा गांधी अध्यक्ष झाले ते हे एकमेव अधिवेशन. त्यासाठी खोदलेली विहीर ‘काँग्रेस विहीर’ या नावाने आजही ओळखली जाते. ऑक्टोबर १८९२ मधील स्वामी विवेकानंदांच्या मुक्कामाची स्मृती रिसालदार गल्लीत व किल्ल्यात जपलेली आहे.

निपाणी-चिकोडीकडच्या मराठी कुटुंबांना जवळचे मोठे संग्रहालय राज्यसीमेपलीकडे, कोल्हापुरात पडते. तेथील टाउन हॉलमध्ये कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी येथील उत्खननातील वस्तू आहेत, त्यांत रोमन बनावटीची पोसायडन या ग्रीक सागरदेवाची कांस्यमूर्ती प्रसिद्ध. नवीन राजवाड्यात छत्रपतींच्या वस्तूंबरोबर शिकारीतले पेंढा भरलेले प्राणी मांडलेले आहेत, आणि मुलांना आठवतो तो वाघच. संस्कृती व निसर्गेतिहास एका छपराखाली शास्त्रशुद्ध रीतीने पाहायचा, तर मुंबई गाठावी लागते. तेथील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय (पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, पायाभरणी १९०५, लोकांसाठी खुले १९२२, वास्तुकार जॉर्ज विटेट) याच्या निसर्गविभागाची उभारणी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीने झाली. सोसायटीचा क्युरेटर एस. एच. प्रेटर हा या विभागाशी निगडित होता.

बेळगावच्या दृष्टीने प्रेटरचे नाव वेगळ्या कारणाने महत्त्वाचे. सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीत १९१२ मध्ये खानापूर तालुक्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत त्याने मोठ्या कानांचे, मोकळ्या शेपटीचे एक वटवाघूळ मिळवले. पुढच्याच वर्षी प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड टॉमस याने लंडनला त्याचे वर्णन करून पाहणीचा सूत्रधार रॉटन याच्या नावावरून ‘ओटोमॉप्स रॉटनी’ असे नाव दिले. टॉमस ज्या संस्थेत काम करीत होता ती ब्रिटिश म्युझियमचीच निसर्गशाखा: १८८१ पासून साउथ केन्सिंग्टनला, कायद्याने स्वतंत्र झाली ती १९६३ मध्ये. म्हणजे बीचिराजाचा शिलालेख आणि तळेवाडीचे वटवाघूळ हे काही दशके एकाच संस्थेच्या दप्तरात होते, एक पुराणवस्तू म्हणून, दुसरे जातीचा मूळ नमुना म्हणून.

विसावे शतक संपेपर्यंत या जातीचे जगात माहीत असलेले घर हे एवढेच. त्यानंतर मेघालय व कंबोडियातून नोंदी आल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ज्या मोजक्या वटवाघळांना स्थान मिळाले, त्यांत हे आहे. गुहा आता २०११ मध्ये घोषित झालेल्या भीमगड अभयारण्यात येते व तिकडे जाण्यास वनखात्याची परवानगी लागते. वटवाघळे दिवसा गुहेच्या छतातील पोकळ्यांत दाटीने बसतात. खालून बॅटरीच्या उजेडातही ती सहसा दिसत नाहीत.